बेपर्वाईची बोली आणि गावगाडा

'मला त्याचे काहीच वाटत नाही' हे सांगायला मराठी माणसाकडे शब्दांची वानवा नाही. तो कवडीची किंमत देत नाही, काडीची पर्वा करीत नाही, हिंग लावून विचारीत नाही, कुणाला भीक घालत नाही. नियम धाब्यावर बसवतो. फारच चिडला तर 'अडलंय माझं खेटर' म्हणतो, नाहीतर समोरच्याला मसणात धाडतो. अलीकडची पोरे सरळ 'फाट्यावर मारतो' म्हणून मोकळी होतात. यांतले बरेच वाक्प्रचार कोशकारांनी अर्थासह नोंदवले आहेत. पण ते कोणाच्या तोंडी रुळले आणि कोणाच्या अंगावर आदळले, याचा शोध आपल्यालाच घ्यावा लागेल.

यांतला एक गट बाजारातून आला. कवडी, दमडी, छदाम, पै ही व्यवहारातली सर्वांत खालची मापे. एका रुपयाच्या 192 पया होत. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पै हिशेबातूनही गेली. पण 'पैची किंमत नाही' हे बोलणे आजही चालते. नाणे मेले तरी तुच्छता मेली नाही. तरीही हा गट त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणावा लागेल. त्यात वस्तूचा हलकेपणा आहे, माणसाचा नाही.

दुसरा गट गावगाड्यातून आला, आणि तेथे मामला वेगळा आहे. 'अडलंय माझं खेटर' म्हणजे या कामावाचून माझे फार तर एखादे खेटर अडेल. खेटर म्हणजे झिजलेला जोडा. तो ज्या कातड्याचा झाला, ते कमावले ढोराने आणि शिवले चांभाराने. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेले महाराने. इतक्या हातांचे श्रम ज्या वस्तूत आहेत, तीच गावाला बेकिमतीचे माप म्हणून सापडली. आणि वरच्या आळीतून जाताना अस्पृश्याने पायातले जोडे हातात घ्यावेत, असा दंडक कितीतरी गावांत होता. जोडा तुच्छ, पण तो आमच्या पायात दिसला की गावाची अब्रू जाई!

'मसणात जा' याचेही तसेच. जे डोळ्यांआड करायचे, ते मसणात धाडायचे. परंतु मसणात माणसे होती. मयताची लाकडे वाहणारी, मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव पायपीट करणारी माणसे आमचीच होती. मसणजोगी नावाची एक भटकी जमातच महाराष्ट्रात आहे. बोलणाऱ्याच्या दृष्टीने जी जागा जगाबाहेरची, ती दुसऱ्या कुणाची रोजीरोटी होती.

'भीक घालत नाही' हा तर या साऱ्यांचा मेरुमणी. या वाक्यात बोलणारा ओसरीवर उभा आहे, हातात धान्याचे सूप आहे आणि समोरचा अंगणात पदर पसरून आहे. येसकराच्या पाळीला मिळणारी भाकर खरे तर केलेल्या कामाचा मोबदला होता. ओसरीवरून ती पडली मात्र भीक म्हणून. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची आशा सोडा, असे बजावले. ते सांगणे केवळ स्वच्छतेचे नव्हते. 'भीक' या शब्दामागच्या साऱ्या व्यवस्थेवरच तो घाव होता.

महाडचाच इतिहास 'धाब्यावर बसवणे' या शब्दाचा अर्थ सर्वांत चांगला सांगतो. धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. 4 ऑगस्ट 1923 रोजी बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावर राहिला. कुणी विरोध केला नाही, कुणी अंमलही केला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कुठे सवर्णांना त्या ठरावाची आठवण झाली. मारहाण झाली, आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तोवर त्यांची बेपर्वाईच पुरेशी होती. ती पुरेनाशी झाली, तेव्हा काठी बाहेर आली.

'पर्वा' हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ काळजी असाही होतो आणि भीती असाही. 'बेपर्वा' या एकाच शब्दात त्यामुळे दोन माणसे राहतात. एकाला दुसऱ्याची काळजी नाही. दुसऱ्याला पहिल्याची भीती नाही. मोर्चात आपण जेव्हा 'तुमच्या धमक्यांना भीक घालत नाही' असे ओरडतो, तेव्हा ओसरीवरच्या माणसाचेच वाक्य आपण त्याच्यावर उलटवतो. 1972 साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तून मुंबईच्या बकाल वस्तीची बोली मराठी कवितेत घुसली, तेव्हा अनेकांना त्या बोलीत निव्वळ बेफिकिरी दिसली. पण आपल्या साहित्यातल्या नकाराला सगळ्याचे सोयरसुतक आहे. ज्याला काहीच वाटत नाही, तो नकार देण्याच्या भानगडीत पडत नाही.

म्हणून शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आपल्या पिढीने स्वतःची भाषा तपासली पाहिजे. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 साली झाला, 2013 साली तो अधिक कडक झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात. कायदा धाब्यावर आहे. ती बातमी वाचून आपल्यापैकी कुणी 'मला काय त्याचे' म्हणत पान उलटत असेल, तर त्याने भीती टाकली की काळजी टाकली? 'बेपर्वा' या शब्दातल्या दोन माणसांपैकी आपण कोण, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.