टिळक, रेव्हरंड नारायण वामन

(६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९). मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक, ‘ज्ञानोदय’चे संपादक आणि ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळाचे संस्थापक. लोकमान्य टिळकांचे समकालीन. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातील चित्पावन घराण्यांतले आणि आडनावही एकच, त्यामुळे दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून जुन्या लेखनात ‘रेव्हरंड टिळक’ असा उल्लेख आढळतो. सर्वसाधारण वाचकाला ते ‘फुला-मुलांचे कवी’ म्हणून परिचित असले, तरी त्यांच्या आयुष्याचा आणि बहुतेक लेखनाचा केंद्रबिंदू भक्ती हाच होता. बाप्तिस्मा ही साधनेची सुरुवात आहे आणि पुढची वाढ भक्ताने काय सोडले यावरून ओळखावी, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा. प्रस्तुत नोंदीत त्याच बाजूचा विचार अधिक केला आहे.

पूर्वायुष्य : जन्म करजगाव (जि. रत्नागिरी) येथे. काही इंग्रजी चरित्रांत जन्मवर्ष १८६२ दिले आहे. वडील वामनराव, आई जानकीबाई. बालपण कल्याणला गेले. आई लवकर वारली. आईची धार्मिक वृत्ती आणि वडिलांचा कडकपणा यांविषयी चरित्रकारांनी बरेच लिहिले असले, तरी त्यांतील तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण मात्र एक-दोन वर्षांपलीकडे गेले नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ख्यातनाम झाल्या.

विवाहानंतर शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक अशी अनेक कामे त्यांनी केली आणि एकही फार काळ केले नाही. या भटकंतीचे वर्णन लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (चार भाग, १९३४–३७) विस्ताराने आले आहे. खिशात असेल ते वाटेत भेटेल त्याला देऊन टाकणारे, क्षणात संतापणारे आणि क्षणात निवळणारे टिळक मराठी वाचकाला माहीत आहेत ते या ग्रंथामुळे. पत्नीच्या नजरेतून रंगलेले हे चित्र इतके प्रभावी आहे, की उपदेशक टिळक त्यामागे झाकले जातात.

नागपूर : नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांवर काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. केशवसुतांशी त्यांची ओळख नागपूरचीच. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयी त्यांची मते याच काळात बदलू लागली. देशाच्या उन्नतीसाठी धर्माची नवी मांडणी हवी, ईश्वर पिता आणि माणसे परस्परांची भावंडे हे तिचे सूत्र असावे, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या धर्मशोधामागची पहिली प्रेरणा अशी देशहिताची होती. व्यक्तिगत मुक्तीचा प्रश्न नंतर आला.

धर्मांतर : १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने नव्या कराराची प्रत भेट दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. त्या प्रतीतील डोंगरावरील प्रवचन वाचून आपण बांधले गेलो, असे टिळक सांगत. नंतरच्या काळात ‘ज्ञानोदय’चे संपादक डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला; त्यात आरंभी त्यांनी आपले नाव उघड केले नव्हते. निर्णयापूर्वी दृष्टांत झाल्याचीही आठवण सांगितली जाते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, १८१३ पासून या शहरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला त्यांनी आधी कळवले नव्हते. दोन्ही घराण्यांवर त्याचा मोठा आघात झाला. लहानगा मुलगा दत्तू (देवदत्त) याच्यासह लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, त्यांतला काही काळ पंढरपुरात. या काळात टिळक त्यांना पत्रांतून कविता पाठवत. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्याही ख्रिस्ती होण्याच्या अटीवर नव्हे. सोवळ्याओवळ्याचा, जातीचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडवला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेची वाढ दुसऱ्यावर लादता येत नाही, या टिळकांच्या पुढच्या भूमिकेला घरातील या अनुभवाचा आधार दिसतो.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) : मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत अध्यापन, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा. राहुरी भागातही काम केले. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत टिळकांच्या घरी अनाथ मुलांचा राबता असे. ‘बालकवी’ त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरला काही काळ त्यांच्याच घरी राहत होते.

उपदेशासाठी टिळकांनी कीर्तन जवळ केले. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिला संस्कृत व संतवाङ्मयाच्या व्यासंगाची जोड दिली. ख्रिस्ती मंडळ्यांत तोवर इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच होती. ओव्या, अभंग आणि पदे यांमुळे खेड्यातील अशिक्षित श्रोत्यालाही उपासना आपली वाटू लागली. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत.

आध्यात्मिक वाढीचा विचार : टिळकांनी पद्धतशीर धर्मशास्त्र लिहिले नाही. त्यांचा विचार अभंग, ‘ज्ञानोदय’मधील लेख आणि त्यांनी सांगितलेल्या आत्मानुभवांतून गोळा करावा लागतो. त्यातील पुढील मुद्दे महत्त्वाचे होत.

(१) संतपरंपरेचे स्थान. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हिंदू संतांची वाणी हा आपला पहिला जुना करार आहे, असेही त्यांचे प्रतिपादन होते. पूर्वीचा धर्म टाकून देण्याची भाषा त्या काळच्या अनेक नवख्रिस्ती लेखकांत आढळते. टिळकांची पहिल्या वर्षांतील काही टीका त्याच वळणाची आहे. पुढे ती मावळली आणि संतांकडे ते पूर्वज म्हणून पाहू लागले. या दाव्याला मिशनरी आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक, दोन्हीकडून आक्षेप घेता येतो. टिळकांनी मात्र तो वाद म्हणून न मांडता अनुभव म्हणून सांगितला.

(२) चार पायऱ्या. समीपता, सलोकता, सरूपता व सायुज्यता या भक्तिपरंपरेतील चार अवस्थांमुळे ख्रिस्ताच्या वचनांचा अर्थ आपल्याला उलगडला, असे टिळकांनी नमूद केले आहे. मागे येण्याचे बोलावणे ही समीपता, त्याचे जू खांद्यावर घेणे ही सलोकता, त्याच्यासारखे होणे ही सरूपता आणि त्याच्या ठायी राहणे ही सायुज्यता, अशी त्यांची जुळणी होती. ‘दासबोधा’त चौथ्या दशकाच्या दहाव्या समासात या चार मुक्ती येतात. तेथे सलोकता प्रथम आहे आणि पहिल्या तीन नाशवंत, केवळ सायुज्यता शाश्वत असा निवाडा आहे. टिळकांनी क्रम बदलून समीपतेला आरंभी आणले. त्याहून मोठा फरक असा, की परंपरेत ही साधनेअंती लाभणारी पदे आहेत, तर टिळकांकडे ती याच देही चालायच्या वाटेवरचे टप्पे झाली. जू खांद्यावर घेणे म्हणजे रोजची सेवा. ती टाळून ऐक्याकडे उडी मारता येत नाही. केवळ भावावस्थेत रमणाऱ्या भक्तीला या मांडणीत जागा राहत नाही. केवळ समाजकार्यालाही ती पूर्णत्व देत नाही.

(३) गुरुमाउली. ख्रिस्ताला ते गुरू आणि आई या दोन्ही नात्यांनी हाक मारतात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी कानाला हे ओळखीचे आहे. पापी जीव आणि न्यायाधीश देव या पाश्चात्त्य प्रवचनांतील जोडीऐवजी लेकरू आणि आई ही जोडी आल्याने पश्चात्तापाचा सूरही बदलतो. अभंगांतील टिळक भीतीने फारसे रडत नाहीत. आपण अजून अपुरे आहोत, ही त्यांची मुख्य खंत आहे.

(४) अहंकाराचा त्याग. जात, मान, पगार, पद हे अहंकाराचे आश्रय आहेत आणि ते एकेक करून सुटले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. तो त्यांनी आधी स्वतःवर लागू केला.

(५) देशभक्ती. हिंदुस्थानची सेवा हा ख्रिस्तभक्तीचाच भाग आहे, असे ते मानत. परक्या पैशावर व परक्या नेतृत्वावर चालणाऱ्या मंडळ्यांची वाढ खुंटते, असे त्यांचे मत होते. मिशनमधील सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद प्रामुख्याने याच मुद्द्यावर झाले.

‘ज्ञानोदय’ : अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेल्या या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे १९१२ पासून मृत्यूपर्यंत होते. ‘अभंगांजली’ या त्यांच्या अभंगसंग्रहातील रचना याच पत्रातून वाचकांपुढे आल्या. मुलांसाठीच्या ‘बालबोधमेवा’शीही त्यांचा संपादक म्हणून संबंध होता.

देवाचा दरबार : १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास आश्रमवजा केंद्र उभारले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे हे बंधुमंडळ असावे, अशी कल्पना होती. शिष्यत्वाची खूण आचरण आणि भक्ती, विधी नंतरचा. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी स्वतःच्या संसाराची किंमत मोजली, त्यानेच तो प्रवेशाची अट म्हणून बाजूला ठेवावा, हे अनेकांना पटले नाही. मंडळीची शिस्त ढिली होईल, ही एक शंका. हिंदूंना वेगळ्या मार्गाने आत ओढण्याचा हा प्रयत्न आहे, ही दुसरी. टिळकांनी बाप्तिस्म्याचे महत्त्व नाकारले होते असे मात्र म्हणता येत नाही.

संन्यास घेतला तरी कुटुंब सुटले नाही आणि ‘ज्ञानोदय’ही सुटला नाही. घरात राहून संन्यास हा प्रकार लक्ष्मीबाईंना सोपा गेला नाही. दरबाराला जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली. संस्थापकामागे तो संस्था म्हणून उभा राहिला नाही.

मृत्यू : मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. ख्रिस्ती प्रघात सोडून त्यांच्या इच्छेनुसार दहन करण्यात आले. रक्षा अहमदनगरला नेण्यात आली.

काव्य : ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘माझी भार्या’, ‘केवढे हे क्रौर्य!’ या कविता प्रसिद्ध. निसर्ग, बालक आणि गृहजीवन हे विषय आधुनिक मराठी कवितेत रुजवणाऱ्यांत त्यांची गणना होते. ‘टिळकांची कविता’ हा संग्रह १९१४ मध्ये निघाला. येशूच्या चरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी १९०९ च्या सुमारास हाती घेतले. सुरुवातीच्या अध्यायांनंतर ते थांबले. शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक अध्याय रचले. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, १९३८ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला.

गद्य व नाटक : स्फुट, काव्याच्या मानाने गौण.

कुटुंब : पुत्र देवदत्त (१८९१–१९६५) लेखक व संपादक. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई काही वर्षे कराचीस होत्या. नाशिकला २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : जे. सी. विन्स्लो यांनी इंग्रजीत लिहिलेले टिळकांचे चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी न जाणणाऱ्यांना टिळक ठाऊक झाले ते मुख्यत्वे त्यामुळे. विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या भारतीय पद्धतीच्या आश्रमजीवनात टिळकांच्या विचारांचा माग लागतो.

‘ख्रिस्ती तुकाराम’ हे त्यांना लावले जाणारे बिरुद गौरवाचे असले तरी नेमके नाही. तुकारामांचा देवाशी चालणारा झगडा, त्यांचा रोखठोक उपहास टिळकांच्या अभंगांत क्वचितच दिसतो. त्यांचा अभंग मवाळ, आर्जवी आणि काही ठिकाणी उपदेशाने जड झालेला आहे. मराठी साहित्याच्या इतिहासांनी त्यांची निसर्गकविता जपली आणि भक्तिरचना ‘धार्मिक’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवली. मंडळ्यांनी गीते जपली, पण दरबाराचा विचार बाजूला ठेवला. त्यामुळे दोन्हीकडे अर्धेच टिळक पोहोचले.

मुंबईतील भायखळा-गिरगावपासून नगर-सोलापूरपर्यंतच्या मराठी मंडळ्यांत त्यांची गीते आजही रविवारच्या उपासनेत गायिली जातात. टिळकांचा उपदेशक म्हणून परिचय करून घेणाऱ्याने ‘अभंगांजली’ आधी वाचावी. ‘ख्रिस्तायन’ आणि चरित्रे त्यानंतर.