मुखवटा कोणाचा?

लहानपणीं ज्या वीरांवर आपण जीव लावला, त्यांच्याविषयीं प्रौढ वयांत लिहितांना मनुष्य थोडा संकोचतो. इतिहासांतील बाजीरावाविषयीं किंवा पुराणांतील भीमार्जुनांविषयीं लिहावयाचें असेल तर संकोचाचें कारण नसतें. परंतु आठवड्यांतून एकदां, अर्ध्या तासापुरता, कांचेच्या पेटींत अवतरणारा आणि नंतर जाहिरातींच्या गर्दींत नाहींसा होणारा वीर हा वाङ्मयीन मासिकांत बसविण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. माझें उत्तर असें कीं, ज्या गोष्टीनें एका संपूर्ण पिढीच्या बालमनास न्यायाची पहिली कल्पना दिली, तिचा इतिहास क्षुद्र मानतां येत नाहीं. आणि ती कल्पना कितपत पुरी होती, हें तपासून पाहणें हेंहि त्या पिढीचें एक कर्तव्यच आहे.

माझ्या बाल्यांत आमच्या वाड्यांत दूरचित्रवाणीचा एकच संच होता आणि तो शेजारच्या काकांचा. सायंकाळीं त्यांच्या माजघरांत वीस-पंचवीस मुलें सतरंजीवर दाटीवाटीनें बसत. काकू दिवा मालवीत. आणि मग भूक, तहान, गृहपाठ यांपैकीं कशाचेंहि भान आम्हांला राहत नसे. वाड्याच्या झाडलोटीस येणाऱ्या बाईंचा मुलगाहि येई. तो मात्र उंबऱ्याबाहेर बसून पाही. खेळ संपला कीं पाठीला पंचे बांधून आम्ही सारे अंगणांत वीर होत असूं. पुढें इंग्रजी पुस्तकें वाचूं लागल्यावर मला कळलें कीं, हेंच दृश्य अमेरिकेंत आमच्या आधीं तीस वर्षें घडून गेलें होतें. १९५० सालीं त्या देशांत शंभर घरांपैकीं सुमारें नऊ घरांत संच होता. १९६० सालीं तें प्रमाण सत्त्याऐंशींवर गेलें. त्या दहा वर्षांत जीं मुलें संचापुढें बसलीं, तीं आज ऐंशीच्या आसपास पोंचलीं आहेत. घरबसल्या वीर भेटण्याचा अनुभव जगांत प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर त्यांनींच घेतला.

त्यांच्या आवडत्या वीरांत 'लोन रेंजर' हा अग्रगण्य होय. रेंजर म्हणजे टेक्सस प्रांतांतील बंदोबस्ताचा घोडेस्वार. तेव्हां 'लोन रेंजर' या नांवास आपल्या भाषेंत 'एकांडा शिलेदार' हाच शब्द शोभेल. त्याचा जन्म पडद्यावर झाला नाहीं. १९३३ सालीं डेट्रॉईट शहरांतील डब्ल्यूएक्सवायझेड या नभोवाणी-केंद्रावर तो प्रथम अवतरला. केंद्राचे चालक जॉर्ज ट्रेंडल आणि लेखक फ्रॅन स्ट्रायकर यांनीं त्याचें चरित्र घडविलें. कथा अगदीं साधी आहे. सहा रेंजर एका खिंडींत दरोडेखोरांच्या गोळीबारांत सांपडतात. पांच मरतात, एक उरतो. टोंटो नांवाचा त्या भूमीचा मूळ रहिवासी त्याची शुश्रूषा करतो, आणि शत्रूंची समजूत व्हावी म्हणून पांचांऐवजीं सहा थडगीं उभारतो. वांचलेला वीर आपल्या मृत भावाच्या जाकिटाच्या कापडाचा मुखवटा डोळ्यांवर चढवितो, आणि पांढऱ्या घोड्यावर बसून, निनांवी राहून, दुर्बलांचें रक्षण करीत हिंडतो.

या वीरास त्याच्या जनकांनीं कडक नियम घालून दिले होते. तो मद्य पीत नाहीं, धूम्रपान करीत नाहीं. ठार मारण्याच्या हेतूनें गोळी झाडीत नाहीं, तर शत्रूच्या हातांतील पिस्तूल तेवढें उडवितो. शिवाय त्यानें नेहमीं शुद्ध, व्याकरणास धरून बोलावयाचें, असाहि एक दंडक होता. भाषेच्या शिक्षकास त्याचें कौतुक वाटल्यावांचून कसें राहील? प्रारंभीं रोसिनीच्या 'विल्यम टेल' या १८२९ सालच्या संगीतनाटकांतील सुरावट वाजे. ती ऐकतांच घोड्याच्या टापा न आठवणारा त्या पिढींतील अमेरिकन मनुष्य विरळा.

वीर आणि नट हीं दोन निराळीं आहेत, हें नभोवाणीच्या काळींच एकदां सिद्ध झालें होतें. १९४१ सालीं वीराला आवाज देणारा अर्ल ग्रेसर मोटार-अपघातांत मरण पावला. तेव्हां वीर जबर जखमी झाल्याची कथा रचून कांहीं भाग त्याला केवळ कुजबुजूं दिलें. प्रकृति सुधारली तों त्याचा आवाज ब्रेस बीमर या दुसऱ्या नटाचा झाला होता. नट गेला, वीर राहिला.

१५ सप्टेंबर १९४९ रोजीं हा वीर एबीसी या संस्थेच्या दूरचित्रवाणीवर प्रथम दिसला. १९५७ पर्यंत या मालिकेचे एकंदर २२१ भाग झाले. वीराची भूमिका क्लेटन मूर यास मिळाली. मूर १९१४ सालीं शिकागोंत जन्मला. तारुण्यांत तो कसरतपटु होता. त्यानंतर तुकड्यातुकड्यांनीं दाखविल्या जाणाऱ्या साहसी चित्रपटांत त्यानें कामें केलीं, आणि त्यांपैकीं एकांतील मुखवटाधारी वीर पाहूनच त्याला ही भूमिका देण्यांत आली. दोन हंगामांनंतर मालकांनीं त्याच्या जागीं जॉन हार्ट या नटास आणलें. चेहरा अर्धा झांकलेलाच आहे, तेव्हां आंत कोण आहे हें मुलांस काय कळणार, असा त्यांचा हिशेब असावा. हार्टनें ५२ भागांत काम केलें; परंतु प्रेक्षकांचें मन त्याच्यावर बसलें नाहीं, आणि १९५४ मध्यें मूर परत आला. आवाज बदलला तो श्रोत्यांनीं सोसला. मुखवट्याखालचा मनुष्य बदलला तो मात्र मुलांनीं ओळखला. नट आणि वीर यांचें नातें डोळ्यांना दिसूं लागल्याबरोबर अधिक घट्ट झालें होतें.

हें नातें कायद्याच्या वहींत कोणाच्या नांवें लिहिलेलें असतें? येथें त्याच काळांतील दुसऱ्या एका वीराचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. विल्यम बॉईड या नटानें १९३५ पासून 'हॉपालाँग कॅसिडी' या घोडेस्वाराचीं ६६ चित्रें केलीं. दूरचित्रवाणीचा उदय होण्याच्या सुमारास त्यानें आपली मालमत्ता विकून व गहाण टाकून, सुमारें साडेतीन लाख डॉलर उभे करून, त्या पात्राचे हक्कच विकत घेतले. लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें असल्यास नवल नाहीं. पण १९४९ मध्यें तीं जुनीं चित्रें एनबीसीवर दाखविलीं जाऊं लागलीं आणि बॉईड अल्पावधींत श्रीमंत झाला. त्याच्या वीराचें चित्र असलेले खाऊचे डबे शाळाशाळांतून दिसूं लागले. उतारवयांत तो आपलें छायाचित्र घेऊं देत नसे; मुलांच्या स्मरणांतील वीर वृद्ध दिसूं नये, ही त्याची इच्छा. सोंग त्याचें स्वतःचें होतें, म्हणून तें केव्हां उतरवावयाचें हेंहि त्यानेंच ठरविलें.

मूरला तें भाग्य लाभलें नाहीं. १९५४ सालीं जॅक रॅदर या उद्योगपतीनें लोन रेंजरचे हक्क तीस लक्ष डॉलरांस घेतले. धान्याच्या न्याहारीचे पुडे विकण्यासाठीं या वीराचा उपयोग पूर्वींपासूनच होत आला होता. १९४७ मध्यें तर पुड्याचें झांकण आणि पंधरा सेंट पाठविणाऱ्या मुलांस त्याच्या नांवानें 'अणुबाँबची अंगठी' मिळत असे, आणि तिच्यांत किरणोत्सारी पोलोनियममुळें अंधारांत खरोखरच ठिणग्या दिसत! असो. मालिका संपल्यावर मूर गांवोगांव जत्रांतून, मिरवणुकींतून मुखवटा घालून मुलांस भेटत राहिला. पोटासाठीं होतें, हें खरें. परंतु केवळ पोटासाठीं नव्हतें, हेंहि खरें. वीराच्या नियमांप्रमाणें स्वतः वागावें, असा ध्यासच त्यानें घेतला होता.

१९७९ सालीं रॅदरच्या कंपनीस नवा चित्रपट काढावयाचा होता, आणि त्यांत नवा तरुण वीर आणावयाचा होता. कंपनीनें लॉस एंजलिसच्या न्यायालयाकडून मनाई-हुकूम मिळविला, आणि पासष्टीच्या घरांत आलेल्या मूरला मुखवटा घालून लोकांपुढें येण्यास बंदी झाली. आपल्याकडे कोंकणांत दशावतारी नट रात्रभर रावण किंवा संकासुर होतो आणि पहाटे सोंग उतरवून पेटाऱ्यांत ठेवतो. तें सोंग त्याच्या आधीं दहा जणांनीं आणलेलें असतें, पुढें आणखी दहा आणतील. अमुक सोंग तूं आणूं नकोस, असें न्यायाधीशानें नटास सांगावें, ही कल्पनाच आपल्या जुन्या रंगभूमीस मानवणारी नाहीं. तथापि कंपनीची बाजू अगदींच पोकळ होती, असेंहि म्हणतां येणार नाहीं. पात्र लिहिलें दुसऱ्यानें, विकत घेतलें तिसऱ्यानें. मूर हा वेतन घेऊन काम करणारा नट. कायद्याच्या भाषेंत त्याचा हक्क शून्य होता.

परंतु त्या हिशेबांत एका पक्षाची गणनाच झाली नव्हती, आणि तो पक्ष म्हणजे जुनीं मुलें. तीं आतां मोठीं झालीं होतीं, मतदार झालीं होतीं, आणि त्यांनीं हजारोंच्या संख्येनें मूरच्या बाजूनें सह्या केल्या. मूरनें हुकूम पाळला. मुखवट्याच्या जागीं त्यानें मोठा काळा चष्मा चढविला आणि त्याच वेषांत तो पूर्ववत् हिंडूं लागला. १९८१ मध्यें नवा चित्रपट निघाला तो साफ पडला. १९८४ मध्यें कंपनीनें माघार घेतली आणि मूरला मुखवटा परत मिळाला. १९९९ च्या डिसेंबरांत वयाच्या पंचायशीव्या वर्षीं तो वारला, तोपर्यंत त्याच्याकडून तो कोणीं काढून घेतला नाहीं.

येथें हा लेख संपविला तर गोड शेवट होईल. पण तो खरा होणार नाहीं. कारण पांढऱ्या घोड्यामागें दुसरा एक घोडा होता आणि त्यावर टोंटो बसलेला होता. नभोवाणीवर टोंटोचें काम जॉन टॉड हा गोरा नट करी. पडद्यावर तें जे सिल्व्हरहील्स यानें केलें. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत, सिक्स नेशन्स या राखीव भूमींत, १९१२ सालीं मोहॉक कुळांत त्याचा जन्म झाला. लॅक्रोस या खेळांतील तो नांवाजलेला गडी. मूळ रहिवाशाची भूमिका मूळ रहिवाशानेंच करावी, ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. परंतु बोलावयास त्याला काय मिळालें? क्रियापदें गाळलेलीं मोडकीं वाक्यें. जो वीर व्याकरणशुद्ध बोले, त्याच्याच शेजारीं, त्याच लेखकाच्या लेखणींतून, त्याचा जीव वांचविणारा मित्र बोबडें बोले. 'टोंटो' या शब्दाचा स्पॅनिश भाषेंत अर्थ 'मूर्ख' असा होतो; आणि वीरास तो ज्या 'किमोसाबी' या नांवानें हांक मारी, तो शब्द मिशिगनमधील मुलांच्या एका शिबिराच्या नांवावरून घेतलेला होता. मूरच्या तोंडावर मुखवटा होता. तो काढतां येत असे. सिल्व्हरहील्सचा चेहराच इतरांनीं मुखवटा ठरविला होता. तो काढून ठेवावयाचा कोठें?

त्यानें जें केलें तें मला मूरच्या लढ्याहून कमी वीराचें वाटत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत त्यानें लॉस एंजलिस येथें आपल्या समाजांतील नटांसाठीं एक अभिनयशाळा स्थापिली, ती अशासाठीं कीं, पुढील नटांस मोडक्या वाक्यांवर भागवावें लागूं नये. १९७९ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं मूरचा मुखवटा गेला त्याच वर्षीं, हॉलिवूडच्या पदपथावर सिल्व्हरहील्सच्या नांवाचा तारा बसविण्यांत आला. पुढच्या मार्चमध्यें तो वारला. आणि २०१३ सालीं ही कथा पुन्हां मोठ्या खर्चानें पडद्यावर आली, तेव्हां टोंटोची भूमिका कोणास मिळाली? जॉनी डेप या प्रसिद्ध नटास. तोहि चित्रपट पडलाच.

या गोष्टी वाचल्यापासून मला आमच्या वाड्यांतील अंगण वारंवार आठवतें. आमच्या खेळांतहि वीराच्या सोबत्याचें एक काम असे: घोडा धरावयाचें, निरोप न्यावयाचें, वीर बांधला गेला म्हणजे दोर सोडावयाचें. तें काम नेहमीं उंबऱ्याबाहेर बसणाऱ्या त्या मुलाकडे येई. तसा नियम कोणीं केलेला नव्हता. तो आपोआप पाळला जाई. धांवण्यांत तो आम्हां सर्वांत चपळ होता. तरी त्याच्या पाठीस आम्हीं एकदांहि पंचा बांधल्याचें मला स्मरत नाहीं. न्यायासाठीं लढणाऱ्या वीराचें सोंग आणतांना हा अन्याय आमच्यांतील एकालाहि दिसला नाहीं, आणि मलाहि तो दिसावयास चाळीस वर्षें लागलीं.

तेव्हां मुखवटा कोणाचा, या प्रश्नास माझ्यापुरतें उत्तर असें: ज्यानें पैसे मोजले त्याचा कागदोपत्रीं, ज्यानें तो आयुष्यभर निष्ठेनें घातला त्याचा त्याहून अधिक, आणि ज्या मुलांनीं त्यावर विश्वास ठेवला त्यांचाहि. परंतु हा तिसरा हक्क सांगणाऱ्यांनीं त्याबरोबर येणारें ऋणहि पत्करलें पाहिजे. बालपणींचे वीर आठवतांना पांढऱ्या घोड्याच्या मागून येणारा दुसरा स्वारहि आठवावा, आणि आपल्या अंगणांत तो कोण होता, हें स्वतःस विचारावें. त्या मुलाचें नांव मला ठाऊक आहे. येथें मी तें लिहीत नाहीं. तो भेटला तर मात्र प्रथम क्षमा मागेन, आणि मग वीराचें काम त्यानें कसें केलें असतें, हें त्यालाच विचारीन.