राजूरकडील महादेव कोळी व त्यांचा टिपणकार

अकोल्याहून प्रवरेच्या कांठानें भंडारदऱ्याकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत राजूर लागतें. येथून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतच्या मुलखास डांगाण म्हणतात. डांगी गुरांच्या प्रदर्शनामुळें राजूरचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्या आसऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या महादेव कोळ्यांचा सामाजिक इतिहास कोणत्या साधनांवरून लिहिला गेला, याची छाननी फारशी होत नाहीं. ती येथें थोडी करण्याचा विचार आहे.

या ज्ञातीचें जुनें विस्तृत वर्णन म्हणजे कॅप्टन मॅकिंटॉश यानें १८३० नंतरच्या दशकांत इंग्रजींत प्रसिद्ध केलेला निबंध होय. तत्पूर्वीं, १८३३ सालीं, त्यानें रामोशी व उमाजी नाईक यांजवरही पुस्तक लिहिलें होतें. हा गृहस्थ केवळ जिज्ञासेनें डोंगरांत आलेला नव्हता. उमाजीच्या पाठलागांत तो होता आणि १८२८ नंतर रामजी भांगरे यानें कोळ्यांचें बंड उभारलें, त्याचा मोड करण्याच्या कामींही तोच होता. म्हणजे ज्याच्या हातीं बेडी, त्याच्याच हातीं लेखणी. पुढें १८८४ सालीं अहमदनगर जिल्ह्याचें ग्याझेटियर निघालें, त्यांत कोळ्यांविषयींचा बराच मजकूर याच निबंधावरून घेतला आहे. आतां गंमत अशी कीं, आमचे लेखक मॅकिंटॉशचा आधार देतात आणि पुष्टीस ग्याझेटियरही दाखवितात. साक्षीदार एकच, त्याची जबानी मात्र दोनदां लिहिली जाते.

तथापि ही जबानी सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या ठिकाणीं साहेबास कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें, तेथें ती मोलाची ठरते. ‘गोतरणी’ या जातपंचायतीची हकीकत घ्या. हिचें पीठ जुन्नर येथें असे व तींत सहा मानकरी असत. रगतवान हा मुख्य व मेटाल हा त्याचा दुय्यम. साबळा हुकूम बजावी. उरलेल्या तिघांचीं नांवेंच त्यांचें काम सांगतात : डहाळ्या हा वाळीत टाकलेल्याच्या घरावर झाडाची डहाळी ठेवी, हाडक्या त्याच्या दारीं गाईचें हाड बांधी, मडक्या त्याच्या घरांतील मातीचीं मडकीं बाहेर काढी. इंग्रजी लिपींतून हे शब्द वाचतांना ओळखूं येत नाहींत, पण देवनागरींत उतरविले कीं ते आपलेच निघतात. मेटाल हा शब्द गडाच्या वाटेवरील ‘मेट’ या चौकीवरून आला असावा, अशी आमची एक अटकळ आहे. ती खरी ठरल्यास ज्ञातीची पंचायत व गडांची राखण यांचा सांधा एका शब्दांत सांपडेल; मात्र लेखी पुराव्यावांचून तीवर इमारत रचूं नये.

हा सांधा महत्त्वाचा अशाकरितां कीं, बंडांचीं कारणें सांगतांना मॅकिंटॉश व ग्याझेटियर हे दोघेही कोळ्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवितात. परंतु त्यांनींच दिलेल्या हकीकती निराळें बोलतात. जावजी बांबळे यानें पेशवाईंत दीर्घकाळ बंड केलें आणि अखेर तुकोजी होळकराच्या मध्यस्थीनें त्यास माफी मिळून साठ गांवांचा बंदोबस्त त्याच्याच हवालीं झाला. पेशव्यांनीं नाइकास नाईकच ठेविलें. १८१८ नंतर गड ओस पडले, शिबंदी मोडली आणि नाइकांचे हक्क तुटत गेले. रामजी भांगरे हा प्रथम इंग्रजांच्याच चाकरींत होता. हक्काचें उत्पन्न बंद झालें तेव्हां त्यानें चाकरी टाकली. त्याचा पुत्र राघोजी हा राजूरजवळच्या देवगांवचा. त्यानें सावकारांचीं नाकें छाटलीं, १८४८ च्या आरंभीं तो पंढरपुरास पकडला गेला आणि त्याच वर्षीं २ मे रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यास फांशीं दिलें. पुढें १८५७ सालीं भिल्लांचें बंड मोडण्यासाठीं नटॉल याच्या हाताखालीं कोळ्यांचीच पलटण उभारण्यांत आली! लूटमारीचा उपजत स्वभाव असलेल्या लोकांच्या हातीं सरकार असा बंदुका देत नाहीं.

अलीकडे ही बाजू कांहींशी उजेडांत आली आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांनीं महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. डेव्हिड हार्डिमन यांनीं १९९५ सालीं राघोजीच्या बंडाचा विचार जमात, अब्रू व पुरुषसत्ता या अंगांनीं केला. बंडवाल्याच्या घरांतील बायकांवर काय गुदरलें हा प्रश्न इतिहासांत शिरला तो अशा लेखनामुळेंच. तरीही मूळ साधनें बहुतांशीं सरकारी राहिलीं.

कोळ्यांनीं स्वतः कागद फारसे केले नाहींत, हें खरें. परंतु त्यांजविषयीं मोडींत लिहिणारे पुष्कळ होते : गडाचा हवालदार, देशपांडे, गांवचा कुळकर्णी. नाईकवाड्यांच्या हजिऱ्या, मुशाहिऱ्याच्या यादी, जामीनकतबे यांत मनुष्य शत्रु म्हणून नव्हे, तर चाकर व वतनदार म्हणून येतो. असे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तूर्त एवढेंच पाहावें : असामीच्या नांवापुढें कूळ लिहिलें आहे काय, आणि लिहिलें असल्यास ती असामी कोणत्या गडाची, कोणत्या मेटेची. मॅकिंटॉश यानें चोवीस मुख्य कुळें सांगितलीं आहेत. ती यादी हजिरीशेजारीं ठेवून ताडून पाहिली म्हणजे दुसरा साक्षीदार प्रथमच उभा राहील.