घर राखणारी नगरी

कर्ता पुरुष नाहींसा झाला कीं घर मोडावयास वेळ लागत नाहीं. अमेरिकेंत हद्दपारीचा खटला दिवाणी स्वरूपाचा मानितात. म्हणून गरीब आरोपीस सरकारी खर्चानें वकील देण्याचा जो हक्क १९६३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला, तो परदेशांतून येऊन राहिलेल्या माणसास या खटल्यांत मिळत नाहीं. न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांच्या प्रेरणेनें न्यूयॉर्कांत झालेल्या २०११ च्या पाहणींत असें आढळलें कीं, अटकेंतील वकीलहीन लोकांपैकीं शेंकडा ३ च यशस्वी होत.

हद्दपारीचा कायदा बदलणें नगराच्या हातीं नव्हतें. वकिलाची फी देणें मात्र होतें. २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या नगरसभेनें त्यासाठीं ५ लक्ष डॉलर मंजूर केले, आणि पुढील वर्षीं ४९ लक्ष. २०१७ च्या एका परीक्षणानें यशाचें प्रमाण शेंकडा ४ वरून ४८ पर्यंत जाईल असा अंदाज वर्तविला.

आम्हांस या आंकड्यांत नगराच्या औदार्याहून एक कठोर सत्य दिसतें. कायदा तोच, न्यायालय तेंच. म्हणजे इतक्या लोकांस तेथें राहण्याचा हक्क कायद्यानेंच दिलेला होता. तो बोलून दाखविणारें कोणी नव्हतें, एवढ्यासाठींच पूर्वीं किती घरें मोडलीं असतील!