धानाचें नाणें

भंडाऱ्याच्या जुन्या तळ्यांचा इतिहास हा दोन नाण्यांचा इतिहास आहे. गोंड राजांच्या काळीं कोहळी शेतकऱ्यांनीं तळीं बांधलीं आणि मोबदल्यांत जमिनी मिळविल्या. पुढें भोसल्यांच्या अमलांत नागपुरी रुपया चालूं लागला. परंतु गांवांत मजुरी धानाच्या मापानेंच मिळे. सारा रुपयांत जाई. पाळीची डागडुजी मात्र धान आणि श्रम यांवर होई.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली व तळीं सरकारजमा झालीं. कुळांची जुलमांतून सुटका झाली, हें योग्यच. पण देखभाल गांवाच्या हातून सुटली आणि कित्येक तळीं गाळानें भरलीं. रुपया तळें बांधूं शकतो. तें राखावयास गांवाचें स्वतःचें नाणेंही लागतें.