कानपूरचे भंगार, लोहगावचे लिबरेटर

दुसऱ्या महायुद्धातले चार इंजिनांचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान ‘बी-24 लिबरेटर’ जगात सर्वांत शेवटपर्यंत वापरले ते भारतीय हवाई दलाने. त्यातली बरीच वर्षे ही विमाने पुण्याच्या लोहगाव तळावरून उडत होती. ती भारताने कोणाकडून विकत घेतली नव्हती, कोणी भेटही दिली नव्हती. कानपूरजवळच्या चकेरी तळावर टाकून दिलेल्या भंगारातून ती उभी केली होती.

अमेरिकेने युद्धकाळात ‘लेंड-लीज’ व्यवस्थेखाली ब्रिटनला ही विमाने पुरवली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानविरुद्ध त्यांचा मोठा वापर झाला. युद्ध संपल्यावर विमाने परत करावीत किंवा निकामी करावीत, अशी अट होती. परत नेण्यात कोणालाच रस नव्हता. चकेरीला जमलेली शंभराच्या आसपास लिबरेटर ब्रिटिशांनी जाताना मोडून ठेवली. पत्रा फोडला, यंत्रफलकावरची उपकरणे ठेचली, इंजिनांत वाळू ओतली, असे सांगितले जाते.

1947-48 मध्ये काश्मीरची लढाई सुरू झाली तेव्हा हवाई दलाकडे टेम्पेस्ट आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने होती, वाहतुकीसाठी डाकोटा होती, पण जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. डाकोटाच्या दारातून हातांनी बॉम्ब ढकलून वेळ मारून न्यावी लागली. अशा वेळी चकेरीच्या ढिगाऱ्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. ती विमाने पुन्हा उभी करण्याचे काम ज्यांच्याकडे गेले, त्या बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या पूर्वेतिहासाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 23 डिसेंबर 1940 रोजी ही कंपनी स्थापन केली. दोनच वर्षांत, 1942 मध्ये, तिचा ताबा सरकारकडे गेला आणि 1943 पासून अमेरिकी हवाई दलाने तिथे आपला दुरुस्ती कारखाना चालवला. विमाने बांधण्याचे स्वप्न काही काळ बाजूला पडले, पण अमेरिकी विमाने आणि इंजिने खोलून पुन्हा जोडण्यात कारागिरांचा हात बसला. चकेरीचे भंगार चालते करायला नेमके हेच कौशल्य हवे होते.

कंपनीचे प्रमुख चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी पुढे जे केले त्याला धाडस म्हणावे की हट्ट, हा प्रश्नच आहे. जागेवर जुजबी दुरुस्ती करायची, उड्डाणाला लागतील तेवढीच उपकरणे चालू करायची आणि विमान कानपूरहून बंगळूरला, सुमारे 1500 किलोमीटर, उडवत न्यायचे. अशी 42 विमाने त्यांनी बंगळूरला पोहोचवली. खरी दुरुस्ती तिथे झाली. एकाचे शेपूट, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याच्या कॉकपिटमधली घड्याळे, असे जिथे जे धड मिळेल ते काढून लावायचे, हीच अशा कामाची जगभरची रीत आहे. भंगाराचा ढीग मोठा असणे हीच अशा वेळी मोठी सोय ठरते. 2 नोव्हेंबर 1948 रोजी कानपूरला 5 क्रमांकाचे स्क्वाड्रन याच विमानांवर उभे राहिले.

पण सांगाडा जोडून भागत नाही. जुने विमान किती वर्षे उडेल हे इंजिन ठरवते. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीची ‘ट्विन वास्प’ जातीची चार इंजिने असत. तारेसारखी दोन ओळींत मांडलेली 14 सिलिंडर, हवेने थंड होणारी, प्रत्येकी सुमारे 1200 अश्वशक्तीची. हेच मूळ इंजिन डाकोटालाही होते. लिबरेटरच्या इंजिनाला उंचीवर हवा पुरवणारा टर्बोचार्जर जोडलेला असे. बाकी घराणे एकच. डाकोटा तर हवाई दलाचा रोजचा घोडा होता. त्यामुळे सिलिंडर, पिस्टन, मॅग्नेटो यांचा साठा आणि ते बसवणारे मेकॅनिक दोन्ही देशातच उपलब्ध होते. लिबरेटर वीस वर्षे टिकले यात मुन्शींच्या उड्डाणांइतकाच या योगायोगाचा वाटा मानावा लागेल.

हे स्क्वाड्रन लवकरच पुण्याला आले. लोहगावचा तळ 1939 मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला होता. 1951 मध्ये तिथे 6 क्रमांकाचे स्क्वाड्रन लिबरेटरवर नव्याने उभे राहिले. 1957 पासून जेट इंजिनांची कॅनबेरा विमाने आली आणि बॉम्बफेकीचे काम त्यांच्याकडे गेले. लिबरेटरकडे समुद्रावरची टेहळणी उरली. घाटाच्या पलीकडे बसून अरबी समुद्रावर नजर ठेवायची, हे जरा विचित्र वाटते. पण लांब पल्ल्याच्या विमानाला एवढे अंतर म्हणजे काहीच नव्हते. 1968 च्या अखेरीस ती निवृत्त झाली.

तोवर अमेरिकेत बांधलेल्या 18,000 हून अधिक लिबरेटरांपैकी जवळपास सगळी वितळवली गेली होती. साहजिकच परदेशी संग्रहालयांची नजर भारताकडे वळली. कॅनडा, अमेरिकेतील ॲरिझोनाचे पिमा संग्रहालय आणि ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स संग्रहालय यांना भारतातूनच एकेक विमान मिळाले. ब्रिटनचे 1974 मध्ये उडतच गेले. आणखी एक भारतीय लिबरेटर 1980 च्या दशकात इंग्लंडमार्गे अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले आणि दीर्घ पुनर्बांधणीनंतर 1989 मध्ये पुन्हा उडाले. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उरले आहे.

स्पिटफायरचीही हीच गत झाली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आणि इटालियन संग्राहकांनी भारतातले जुने सांगाडे विकत घेतले. जयपूरहून नेलेले एक स्पिटफायर 1982 मध्ये इटलीत उडाले. मात्र ज्या स्पिटफायरांना ग्रिफॉन इंजिन होते, त्यांचे काम अवघड. ट्विन वास्प 1,73,000 हून अधिक बनली, ग्रिफॉन जेमतेम 8,000. त्यामुळे ग्रिफॉनचा एखादा दुर्मीळ भाग गेला की तो शोधण्यात किंवा नव्याने घडवून घेण्यात वर्षे जातात.

भारतीय हवाई दलाने 1988 मध्ये जुन्या विमानांची ‘व्हिंटेज फ्लाइट’ सुरू केली. तिच्यासाठी टायगर मॉथ, हार्वर्ड आणि पुढे डाकोटा यांची पुनर्बांधणी ब्रिटनमध्ये करून घेतली गेली. ‘परशुराम’ नावाची डाकोटा तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी खर्च करून दिली. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी 905 हा क्रमांक तिला दिला आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये ती जामनगरमार्गे भारतात आली. 1948 मध्ये जे काम बंगळूरला घरच्या घरी झाले, ते सत्तर वर्षांनी परदेशी कारखान्याकडे द्यावे लागले. त्याचे कारण उघड आहे. पिस्टन इंजिने सेवेतून गेली, तसे ती खोलून जोडणारे हातही निवृत्त झाले.