हात रिकामा ठेवा

गुडघे सांभाळा. वळण आलं की पोलादी टाक्या डावीकडून उजवीकडे घरंगळतात आणि त्यांच्या वाटेत सध्या तुम्हीच आहात. स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात बसायला जागा अशी नाहीच. गोणपाटं, दोरी, फुगवलेली टायरची ट्यूब, शिशाचे पट्टे आणि उरलेल्या फटीत तुम्ही. १९६२ सालचा ऑक्टोबर आहे. गाडी कॅलिफोर्नियाचा किनारा धरून दक्षिणेला, लगुना बीचकडे निघाली आहे. रात्रीचे नऊ वाजून गेलेत, तरी खिडकीतून येणारा वारा तापलेलाच आहे.

हा सँता आना वारा. वाळवंटाकडून येतो आणि डोंगर उतरून समुद्राकडे धावतो. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये निदान घामाच्या धारा तरी लागतात. इथे घाम दिसायच्या आत उडून जातो, ओठ तडकतात, दाराच्या हँडलला हात लावला की बारीक झटका बसतो. वाऱ्याला वाळक्या झुडपांचा कडवट वास आहे, त्यात निलगिरीचा, त्यात पेट्रोलचा, आणि सगळ्यांवर कुरघोडी करणारा रबराचा. रबराच्या वासाची सवय करून घ्या, आजची रात्र त्याच्याच संगतीत जायची आहे. आणि वाऱ्याबद्दल कुरकुर नको. जमिनीवरून सुटलेला हा वारा लाटा दाबून धरतो, म्हणून तर आज एवढ्या गाड्या किनाऱ्याकडे पळतायत. शेवंडीचा मोसम नुकताच उघडलाय.

गाडी चालवणारा गडी दिवसा डाउनीच्या कारखान्यात लेथवर असतो. चंद्रावर माणसं न्यायच्या यानाचं काम तिथे सुरू झालंय, पण त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्याचं दुःख निराळं आहे. लॉस एंजेलिसचे डॉजर्स बुधवारी हातात आलेला बेसबॉलचा सामना नवव्या डावात जायंट्सना देऊन बसले. त्याला मधे तोडू नका. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. त्यानं तुमचं नाव दोनदा विचारलं, दोन्ही वेळा दुसऱ्या अक्षरावर अडखळला आणि आता ‘बडी’ म्हणून मोकळा झालाय.

‘बडी, एकच लक्षात ठेव. दिवा डाव्या हातात. उजवा हात रिकामा.’

भाला नाही, आकडा नाही, जाळं नाही. पाण्यात उतरून शेवंड धरायची ती हातानं.

वुड्स कोव्हच्या वरचा रस्ता गाड्यांनी भरून गेलाय. उघड्या डिक्क्यांच्या उजेडात माणसं एका पायावर नाचतायत, कारण रबरी सूट घालायची दुसरी रीत नाही. आतून अस्तर नसलेलं उघडं, काळं रबर ते. अंगाला चिकटतं आणि पुढे सरकायचं नाव घेत नाही. म्हणून टाल्कम पावडरचा डबा हातोहात फिरतो. परवडत नसेल तो मक्याचं पीठ वापरतो. पावडर पायात ओता, बाहीत ओता, मानेवर थापा. नखं आत वळवून ओढा, नाहीतर रबर टर्रकन फाटेल आणि मग गोंदाची डबी घेऊन रस्त्यावर बसावं लागेल. कोटाचा मागचा लोंबता पट्टा दोन पायांमधून पुढे घ्या, पितळी खिट्ट्या फिरवून अडकवा. झालं. आता मात्र तुम्हाला घाम फुटेल, आणि तो उडून जायला कुठेच वाट नाही.

बाजूला कोणीतरी ‘सी हंट’मधल्या लॉइड ब्रिजेसची नक्कल करतोय. ती मालिका टीव्हीवर चार वर्षं चालली आणि या गर्दीतली निम्मी पोरं तीच बघून इथवर आली आहेत. जुनी खोडं त्यांच्याकडे बघून नुसती हसतात. असे सूट निघून दहाच वर्षं झाली. त्याआधीची माणसं लोकरी स्वेटर घालून, नाहीतर उघड्या अंगानंच उतरत. सॅन दिएगोत १९३३ साली निघालेल्या ‘बॉटम स्क्रॅचर्स’ मंडळात शिरायचं, तर एका दमात तीस फुटांवरून तीन अबलोनी शिंपले आणायचे, शेवंड आणायची आणि हॉर्न शार्क शेपटीला धरून वर आणायचा, अशा अटी होत्या. तुम्हाला सूट मिळालाय, पाठीवर हवेची टाकी मिळाली आहे. तेव्हा गप्प राहून कड्यावरून खाली उतरा. टाकीचा पट्टा खांद्यात रुततोय, कमरेचं शिसं प्रत्येक पायरीला हाडावर बसतंय. वरचं ते जुन्या विलायती थाटाचं घर एके काळी सिनेतारका बेटी डेव्हिसचं होतं. पाहुण्यांना ते दाखवायचा इथे रिवाज आहे, पण तुमचं लक्ष पायाखाली असू द्या.

काचेत थुंका, बोटानं चोळा, खळाळा. मास्क चढवा. फ्लिपर घातले की पाण्याकडे पाठ करून, पाय न उचलता, घासत घासत उलटं चालायचं. सरळ जायला गेलात तर पहिलीच लाट तुम्हाला तोंडावर पाडेल आणि वाळूवरची सगळी मंडळी टाळ्या वाजवतील. गडी लाटा मोजतोय. तीन मोठ्या जाऊ दिल्या. ‘आत्ता!’

पाणी आधी घोट्यात, मग पोटरीत, आणि मग पाठीच्या कण्यावरून एक गार धार सूटच्या आत उतरते. तोंडातून जे काही बाहेर पडतं ते मराठीत असेल. इथे कोणाला कळत नाही, मनसोक्त बोला. क्षणाक्षणानं तेच पाणी अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि तुम्ही सुटता. खांद्यावरचं ओझंही गेलं. तोंडात रबरी चावा धरा, श्वास घ्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी दोन जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या मागे टाकीकडे गेल्या आहेत. हवा एकीतून येते, उच्छ्वास दुसरीतून जातो आणि मानेच्या मागे बुडबुडे होऊन फुटतो. त्यामुळे चेहऱ्यासमोर काही खळबळ नाही. नाक चिमटीत धरून कानात हवा भरा, आणि खाली.

वीसेक फुटांवर तळ लागतो. गड्यानं स्वतः बनवलेला दिवा, म्हणजे मोटारीच्या पुढच्या दिव्याची काच आणि बॅटरीची पेटी, पाण्यात हिरवट पिवळा झोत फेकतो. झोतात धूळ तरंगते. झोताच्या बाहेर काहीच नाही. हे खडक कपारींनी भरलेले आहेत आणि दिवसा शेवंडी त्या कपारींत पाठ टेकून बसतात, फक्त मिशा बाहेर. त्याच कपारीत मोरे ईलही राहतो. आपल्या वामेच्या जातीचा, दातांचा. म्हणून समजूतदार माणूस दिवसा भोकात हात घालत नाही. रात्री शेवंडी आपणहून घर सोडून चरायला निघतात. गवताळ पट्ट्यात, उघड्या वाळूवर, सी-अर्चिन आणि शिंपले फोडत फिरतात.

तुमचा गुडघा नेमका अशाच एका सी-अर्चिनवर टेकला. काटे रबरातून आरपार गेले. आता काही करता येत नाही, पुढे चला.

ती पाहा. आधी डोळे दिसतील, झोताच्या कडेला दोन ठिणग्या. मग मिशा, अंगापेक्षाही लांब, बुडाशी अंगठ्याएवढ्या जाड आणि पुढे रोखलेल्या काट्यांनी भरलेल्या. मग गंजासारख्या तांबड्या रंगाचं कवच. नांग्या नाहीत. आपल्या रत्नागिरी-मालवणच्या शेवंडीचीच ही चुलत बहीण, तीही नांग्यांवाचून जगते आणि तिचंही काही अडत नाही. सरळ डोळ्यांत दिवा मारू नका. झोत जरा बाजूला ठेवा, ती तो चाचपत मिशी फिरवेल. आता हात.

अर्थातच तुम्ही मिशी धरलीत. सगळे पहिल्यांदा तेच करतात, कारण समोर तीच असते. मिशी काडकन मोडून तुमच्या हातात राहिली आणि शेवंड शेपूट आपटत मागच्या मागे काळोखात गेली. एक फटका, दोन फटके, संपलं. वाळूचा लोट तेवढा उरला. गडी शेजारी तरंगतोय आणि त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरतंय, यावरून तो हसतोय हे तुम्हाला कळतं.

दुसरी दगडाच्या उतारावर आहे. या वेळी हात हळू न्यायचा मोह आवरा, हळू हात तिला बरोबर समजतो. मिशा ओलांडून, वरून, कवचाच्या मध्यावर पंजा आदळायचा आणि तिला खाली दगडावर दाबून ठेवायचं. धरायला जायचं नाही, आधी नुसतं दाबायचं. कॅनव्हासच्या हातमोज्यातून काटे टोचतील, तरी सोडू नका. शेपूट मनगटावर फटाफट बसतंय आणि त्याच्या कडा धारदार आहेत. आणि मग ती ओरडते. मिशांची मुळं घासून केलेली करकर ती, जात्यात खडा यावा तशी. कानांना जेमतेम ऐकू येते, पण तळहातातून कोपरापर्यंत चढते. हा आवाज ईलनं दचकून सोडून द्यावं म्हणून आहे. तुम्हीही दचकलात, पण बोटं मात्र मिटली. डोक्यानं ठरवायच्या आधी मिटली. आता एकेक बोट कवचाखाली सरकवा आणि उचला.

पुढची पंचाईत अशी की तुम्हाला तिसरा हात नाही. दिवा मनगटाला लोंबतोय, तोंड उघडं धरायचं गोणपाट पाण्यात भलतीकडे वळतंय आणि तिला आत घालायची तीही शेपटीकडून. डोकं आधी घातलंत तर ती मागे उडी मारून थेट तुमच्या छातीवर येईल. गड्यानं गोणपाट धरलं. शेपूट आत, मिशा आत, तोंडाला पीळ. कमरेशी काहीतरी जिवंत धडपडतंय ही भावना पहिल्यांदा फार मजेची वाटत नाही. तिसरीपर्यंत वाटायला लागते.

एकदा दिवा विझवून बघा, अगदी थोडा वेळ. हात हलवला की बोटांमागून निळसर कण पेटतात आणि विझतात. पुरे. हौस करायला हवा लागते आणि हवा किती उरली हे सांगणारा काटा तुमच्या टाकीला नाही.

मग कळायचं कसं? असं. चांगला चाललेला श्वास एकाएकी जड होतो. तुम्ही ओढता आणि नळी देत नाही. घाबरू नका, हे ठरल्याप्रमाणेच आहे. टाकीतला दाब उतरला की आतली स्प्रिंगची झडप मिटते. डावा हात मागे न्या, टाकीच्या कडेला लोखंडी सळई लागेल, ती खाली ओढा. हवा पुन्हा मोकळी येते. ही राखीव शिदोरी, वर पोचण्यापुरती. केल्प या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत अडकून सळई आधीच ओढली गेली असेल तर शिदोरी कधीच संपलेली असते आणि ते माणसाला नेमक्या याच क्षणी समजतं. तुमची जागेवर आहे. गड्यानं उतरायच्या आधी तिच्यावर दोनदा हात फिरवून पाहिला होता. यान बनवणाऱ्या माणसाची सवय. वर चला, आपल्याच बुडबुड्यांना मागे टाकू नका, श्वास कोंडू नका.

डोकं बाहेर काढताच गलका कानावर आदळतो. सगळी खाडी उजळलेली आहे. पाण्याखाली पंचवीसेक हिरवे डाग हिंडतायत, वर माणसं एकमेकांना हाका मारतायत, ट्यूबवर लोंबकळून खोकतायत, कोणाचा तरी फ्लिपर हरवलाय. लाटेवर पोट टाकून या, वाळू लागली की चक्क रांगा. उभं राहायचा मान आज कोणालाच नाही.

आगीवर डालड्याच्या डब्याएवढ्या पत्र्याच्या डब्यात समुद्राचंच पाणी उकळतंय. पण त्याआधी माप. गड्याच्या गळ्यात पितळेची पट्टी आहे. डोळ्यांमागच्या खाचेत तिचं एक टोक टेकवायचं, दुसरं कवचाच्या मागच्या कडेला पोचायला हवं. सव्वातीन इंच. तुमची पहिली बसते, तिसरी बसते, दुसरी कणभर कमी भरते. इथवर वाढायला तिला सातेक वर्षं लागली असतील, तरी कणभर कमी म्हणजे कमी. परत पाण्यात. तुमच्या चेहऱ्यावरचं दुःख डॉजर्सच्या पराभवाच्या जवळपास जातं.

उरलेल्या दोन डब्यात गेल्या. शेपटीचं कवच उलटं मोडलं की पांढरं, ताठ मांस एकसंध निघतं. गडी त्यावर वितळलेलं लोणी ओततो, नुसतं लोणी. त्याला तिरफळं, ओलं खोबरं, आगळ वगैरे समजावत बसू नका. टबॅस्कोची बाटली मागितलीत तर तो देईल, आणि तुम्ही किती ओतता ते बघून शेजारच्यांनाही बोलावेल. बोटं भाजतायत, गुडघ्यातले काटे ठुसठुसतायत, ओठांवर मीठ आहे आणि दातात अजूनही रबर. खा.

वाळूवरून टॉर्च येतोय. टोपी, बिल्ला, हातात स्वतःची पितळी पट्टी. गेम वॉर्डन. तो गड्याचं गोणपाट उलटं करतो, एकेक शेवंड मापतो, मान हलवतो. मग तुमच्या पुढ्यातल्या कवचांकडे बघतो आणि अतिशय नम्रपणे मासेमारीचा परवाना विचारतो. तो तुमच्यापाशी नाही. खिशात आहे ते आधार कार्ड. फोटो दाखवा, नाव दाखवा, हवं तर मागचा पत्ता दाखवा. फक्त जन्मतारखेवर अंगठा राहू द्या.